कागदाच्या पाठीवरची सही

आमच्या वकीलसाहेबांच्या ऑफिसात बत्तीस वर्षं टाइप करणाऱ्या बाईंना कुणी कधी त्यांच्या नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. सगळे त्यांना बिनचूकबाई म्हणायचे, अगदी तोंडावर. त्यांना ते आवडायचं, पण आवडतं असं त्या दाखवायच्या नाहीत. त्यांच्या समोरच्या टेबलावर मी, फायली लावणारा कारकून. मला त्या टाचणी म्हणायच्या. एक तर मी किडकिडीत, आणि दुसरं म्हणजे माझी जीभ. ही दोन्ही कारणं त्यांनीच मला पहिल्या आठवड्यात सांगितली होती.

त्यांची एक पद्धत होती. टाइप केलेला प्रत्येक कागद त्या तीनदा वाचायच्या. एकदा वरून खाली, एकदा खालून वर, आणि तिसऱ्यांदा ओळीखाली लाकडी पट्टी धरून मोठ्याने. तिसऱ्या वाचनाला मी लागायचो. मूळ मसुदा माझ्या हातात, टाइप केलेला त्यांच्या हातात. त्या एक ओळ वाचणार, मी मसुद्याशी ताडून 'बरोबर' म्हणणार, मग पट्टी एक ओळ खाली. मी 'बरोबर' म्हणेपर्यंत पट्टी हलायची नाही. साहेब दारात उभे असोत, पक्षकार घड्याळ बघत असो, बाई ढिम्म. एकदा ओळीच्या मध्येच मला शिंका सुरू झाल्या, तर त्या थांबेपर्यंत बाई पट्टी धरून बसून राहिल्या. सव्वीस वर्षांत मी किती हजार वेळा 'बरोबर' म्हटलं असेल, देव जाणे.

अशी बाई भिंतवाल्यांच्या नादी लागली, याला काय म्हणायचं?

भिंतवाले हे लोकांनी दिलेलं नाव. त्यांचं खरं नाव लांबलचक आहे आणि ते फक्त त्यांच्या पावत्यांवर असतं. एक भलंमोठं सभागृह, पांढरी भिंत, आणि तिच्याकडे तोंड करून तासभर गप्प बसलेली शे-दोनशे माणसं. गाणं नाही, मूर्ती नाही, प्रवचनसुद्धा पाच मिनिटांचं. नियम एकच, मागे वळून पाहायचं नाही. वर्तमानपत्रांत त्यांच्याबद्दल उलटसुलट छापून यायचं. कुणी म्हणायचं देवमाणसं आहेत, कुणी म्हणायचं गोड बोलून घरं रिकामी करतात. त्यांच्या फाटकाबाहेर एक तरुण मुलगी महिनाभर पाटी घेऊन उभी होती, 'माझ्या वडिलांचं घर परत द्या'. मी पहिल्या दिवसापासून त्या मुलीच्या बाजूचा, आणि तसं मी बाईंना सांगितलंही.

"तुला पाच मिनिटं गप्प बसता येत नाही," बाई म्हणाल्या, "म्हणून तुला त्यांचा राग येतो."

हे खरं होतं. पण म्हणून ते लोक साव ठरत नाहीत.

बाई तिथे का गेल्या ते मला ठाऊक होतं. त्यांची बोटं. टाइप करून करून त्या बोटांना थांबणं माहीतच नव्हतं. जेवताना टेबलाच्या कडेवर, बसमध्ये पर्सवर, बोलताना स्वतःच्याच गुडघ्यावर, बोटं आपली चालू. समोरचा जे बोलेल ते टाइप करत असायची. "झोपेत माझ्या पाठीवर टाइप करते," असं त्यांचे यजमान सांगायचे आणि वर म्हणायचे, "काय लिहिलं ते मात्र कधी वाचून दाखवलं नाही." भिंतीसमोर बसून पहिल्यांदा आल्या त्या दिवशी बाईंनी दोन्ही हात माझ्या टेबलावर ठेवले. "बघ, टाचणी. थांबली." खरंच थांबली होती.

भिंतवाल्यांमध्ये प्रत्येकाला काही ना काही काम नेमून देतात. कुणी झाडतं, कुणी चपला रांगेत लावतं. बाईंच्या वाट्याला कागद आला. तिथे पैसे देण्याला देणगी म्हणत नाहीत, 'उतरवणं' म्हणतात, डोक्यावरचं ओझं उतरवावं तसं. जो उतरवतो त्याच्याकडून भारमुक्तीपत्र लिहून घेतात. आधीचं पत्र म्हणजे नुसता सावळागोंधळ होता. "असला कागद आपल्या ऑफिसातून बाहेर गेला असता तर मी कुणाला तोंड दाखवलं नसतं," असं म्हणून बाईंनी चार शनिवार खर्ची घातले आणि सात कलमांचं नवं पत्र तयार केलं. रक्कम परत मागणार नाही, वारस मागणार नाहीत, आजारपण, म्हातारपण, अडचण, कुठल्याही कारणाने मागणार नाही. सातवं कलम साक्षीदारांचं. दोन साक्षीदार हवेत, दोघेही उतरवणाऱ्याहून वेगळे हवेत, दोघांनीही त्याला समक्ष सही करताना पाहिलेलं हवं. यातलं काहीही चुकलं तर अख्खं पत्र रद्द. तिथले व्यवस्थापक म्हणाले, इतकं कडक कशाला? बाई म्हणाल्या, करायचा तर कागदासारखा कागद करा. तिसरं वाचन त्यांनी माझ्याकडूनच करून घेतलं. त्या सातही कलमांना मी 'बरोबर' म्हटलेलं आहे, हे इथेच सांगून टाकतो.

आता माझ्या आईचं. वडील गेल्यावर आईचं घरात मन लागेना. माझा डबा पोचवायच्या निमित्ताने ती ऑफिसात यायची आणि बाईंच्या शेजारी स्टुलावर बसून राहायची. बाई तिला मावशी म्हणायच्या. बाई टाइप करायच्या, आई बघायची. "हिच्या हातून चूक म्हणून होत नाही रे," असं मला घरी येऊन सांगायची, जसं काही ते मला माहीतच नव्हतं. एका शनिवारी बाई तिला भिंतीकडे घेऊन गेल्या. सहा महिन्यांनी मला बँकेत कळलं की वडिलांनी तिच्या नावावर ठेवलेली ठेव तिने मोडली आणि उतरवली. मी घरी आईवर ओरडलो, मग ऑफिसात येऊन बाईंवर ओरडलो, सगळ्यांच्या देखत. बाई एवढंच म्हणाल्या, "त्यांनी स्वखुशीने दिले. कागद बघ." त्यानंतर दोन वर्षं आम्ही समोरासमोर बसून 'बरोबर' या एका शब्दावर नोकरी केली.

मग बाई निवृत्त झाल्या, आणि निवृत्तीची हातात आलेली सगळी रक्कम त्यांनीही उतरवून टाकली. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

दीड वर्षाने, एका मंगळवारी सकाळी मी ऑफिस उघडायला आलो तर बाई जिन्यात उभ्या. हातात प्लास्टिकची फाइल. आत आल्या, बसल्या, उठल्या, खिडकी उघडली, पुन्हा बसल्या. बोटं फाइलवर चालू.

"पुन्हा सुरू झाली?" मी विचारलं.

"वर्ष झालं. भिंतीसमोरसुद्धा थांबेनात. मग मी जाणंच सोडलं." त्या पुन्हा उठल्या. "टाचणी, मला माझे पैसे परत हवेत. बावीस दिवसांत."

त्यांचे यजमान फोटोंना फ्रेम करून द्यायचे. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं दुकान, इतकं चिंचोळं की गिऱ्हाईक आत आलं की मालकाने बाहेर यायचं. चाळीस वर्षं ते भाड्याने होतं. आता जागेचा मूळ मालक वारला होता आणि त्याची मुलं सगळी दुकानं विकायला निघाली होती. भाडेकरूला पहिला हक्क, पण महिनाअखेरपर्यंतच. तोवर पैसे भरले तर दुकान आपलं, नाहीतर किल्ली द्यायची आणि चालू लागायचं.

"घरी बसून काय करू, तुझी बोटं मोजू? असं म्हणाले हसत हसत," बाई म्हणाल्या, "आणि मग दोन दिवस धड जेवले नाहीत. मी पैसे दिले तेव्हाही मला एका शब्दाने विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर बरं झालं असतं रे."

माझ्या जिभेवर होतं ते मी बोललोच. "मी माझ्या आईच्या पैशांसाठी तुमच्यापुढे उभा होतो तेव्हा तुम्ही मला कागद दाखवला होता."

"हो," बाई म्हणाल्या.

नुसतं हो. माफी नाही, सबब नाही. मी ऑफिसला कुलूप घातलं आणि त्यांच्याबरोबर निघालो. दया आली म्हणून नाही. भिंतवाल्यांची मूठ उघडताना मला बघायची होती.

मूठ काही उघडेना. आधी आम्ही साहेबांना त्यांच्या घरी गाठलं. त्यांनी चष्मा लावून पत्राचा नमुना वाचला आणि हसत सुटले. "बाई, हा कागद फोडणार कोण? बत्तीस वर्षांत इथे जे शिकलात ते सगळं यात ओतलंय तुम्ही!" मग बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी नमुना घडी घालून परत दिला. पोलीस चौकीतल्या अधिकाऱ्याने तीन प्रश्न विचारले. धमकी दिली? नाही. सही तुमची? हो. शुद्धीत होतात? हो. "मग इथे कशाला आलात?" असं म्हणून त्याने फाइल आमच्याकडे सरकवली.

राहिलं भिंतवाल्यांचं कार्यालय. सभागृहाच्या मागे लांब कॉरिडॉर, गुळगुळीत फरशी, भिंतीला लागून बाकं. पहिल्या खिडकीवरची मुलगी म्हणाली, परतीचा अर्ज असा काही प्रकार आमच्याकडे नसतो. दुसऱ्या खिडकीवर कळलं की असतो, पण अर्जदाराचं मन शांत हवं, त्यासाठी आधी तीन दिवस भिंतीसमोर बसावं लागतं. बाई तीन दिवस बसल्या. मी मागच्या ओळीत बसून त्यांची बोटं गुडघ्यांवर धावताना बघत होतो. तिसऱ्या खिडकीवर सांगितलं, अर्ज व्यवस्थापकांच्या हातातच द्यावा लागतो, आणि ते दौऱ्यावर आहेत, शुक्रवारी येतील. शुक्रवारी गेलो तर शुक्रवार मौनाचा. सगळी माणसं हसतमुख, सगळी 'भगिनी' आणि 'बंधू' म्हणणारी. ओरडायला समोर निदान एक तिरसट माणूस लागतो, तोही तिथे मिळेना. आम्हाला वाटाण्याच्या अक्षता लावत होते, पण तोंडभर हसून.

बाविसाचे सोळा झाले, सोळाचे अकरा. बाई रोज सकाळी आठला मला फोन करायच्या आणि काही नसलं तरी बोलत राहायच्या. दुपारी नवऱ्याच्या दुकानात जाऊन उभ्या राहायच्या आणि नीट ठेवलेल्या फ्रेमा पुन्हा नीट ठेवायच्या. "अगं, कोपरे मोडशील," यजमान म्हणायचे. रस्त्यातून चालायला लागल्या की मी त्यांच्या मागे अर्धा धावत असायचो. मलासुद्धा स्वस्थता नव्हती. जेवताना उठून मी दोनदा दार लावलंय का ते बघून आलो, तेव्हा आई म्हणाली, "तुला काय झालंय?" मी तिला काही सांगितलं नाही.

अकराव्या दिवशी बाईंना पाचवं कलम आठवलं. उतरवणाऱ्याला त्याच्या पत्राची प्रत मागता येते. "मीच घातलंय ते," म्हणाल्या, आणि तडक खिडकीवर गेल्या. दोन दिवसांनी प्रत मिळाली, एक कागद. मी कारकून माणूस, हातात कागद आला की उलटून बघतो. मागे कोरा.

"मागची बाजू?" मी विचारलं.

"मागे काही नसतं, बंधू," खिडकीतली मुलगी म्हणाली.

"मागे साक्षीदार असतात," बाई म्हणाल्या. "द्या."

इथे मला त्यांची एक रीत कळली, ती तोवर माहीत नव्हती. उतरवणाऱ्याचं नाव कुणी पाहू नये, नाहीतर देण्याचा अहंकार होतो, असं ते मानतात. म्हणून माणूस सही करतो आणि कागद पालथा करून गठ्ठ्यावर ठेवतो. साक्षीदार नंतर येऊन कागदांच्या पाठीवर सह्या करतात. ती जागा बाईंनीच पाठीवर आखून दिली होती, रीत मोडू नये म्हणून. कलमात लिहिलं होतं, समक्ष पाहा. रीत सांगत होती, पाहू नका. तीनदा वाचणाऱ्या बाईंनी ही दोन वाक्यं कधी शेजारी ठेवून वाचली नव्हती. शनिवारी दुपारी जायचं, गठ्ठा ओढायचा, एकेका पाठीवर सही करायची, हे त्यांचं काम होतं आणि ते त्या मनापासून करत होत्या.

दुसऱ्या दिवशी मागच्या बाजूची प्रत आली. आम्ही कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून पाहिली. पहिली सही व्यवस्थापकांची. दुसरीवर बाईंनी बोट ठेवलं, आणि त्यांचं बोट तिथून हलेना.

"टाचणी, ही माझी सही आहे."

"असणारच. कागद तुमचा आहे."

"ही मागची बाजू आहे."

मला समजायला थोडा वेळ लागला. ज्या शनिवारी त्यांनी स्वतःचा कागद पालथा ठेवला, त्याच शनिवारी नेहमीप्रमाणे बसून गठ्ठा संपवला होता. स्वतःच्या कागदावर स्वतःच साक्षीदार! सातवं कलम मोडलं, पत्र रद्द. मी इतक्या मोठ्याने हसलो की कॉरिडॉरमधल्या सगळ्यांनी मागे वळून पाहिलं, आणि तिथे तर तेच मना आहे.

बाई हसत नव्हत्या. "मी पाहिलं नाही," त्या म्हणाल्या.

"बरं झालं पाहिलं नाहीत! सुटलात!"

"मी एकाचंही पाहिलेलं नाही. तीनशे बारा कागद आहेत. मी मोजून ठेवायचे." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मावशींचाही त्यातच आहे."

माझं हसू तिथल्या तिथे थांबलं.

साहेबांनी फक्त बाईंच्या एका पत्राबद्दल नोटीस धाडली. दौऱ्यावरचे व्यवस्थापक दोन दिवसांत सापडले. महिनाअखेरीला तीन दिवस उरले असताना त्यांनी आम्हाला आत बोलावलं. खोली लहान, गालिचा जाड, पाण्याचे ग्लास झाकलेले. टेबलावर चेक ठेवलेला होता, पूर्ण रकमेचा, बाईंच्या नावाचा. शेजारी एक टाइप केलेला कागद.

"भगिनी, माणसाच्या हातून चूक होतेच," व्यवस्थापक म्हणाले. "तुमची रक्कम तुमची. एवढ्यावर सही करा आणि घेऊन जा."

मला वाटलं बाई झडप घालतील. त्यांनी कागद वरून खाली वाचला. मग खालून वर. मग पर्स उघडून ती जुनी लाकडी पट्टी काढली. आजही बरोबर होती! पट्टी पहिल्या ओळीखाली ठेवली आणि मोठ्याने वाचायला लागल्या. माझ्या हातात मसुदा नव्हता, पण सवय जाते कुठे?

"मला माझी संपूर्ण रक्कम परत मिळाली."

"बरोबर," मी म्हणालो.

"माझ्या पत्रावर साक्षीदार म्हणून झालेली माझी सही ही अनवधानाने झालेली चूक आहे."

"बरोबर."

"इतर सर्व पत्रांवर मी उतरवणाऱ्याला समक्ष सही करताना पाहूनच साक्ष केली आहे."

पट्टी थांबली. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या, कागदाकडे बघत होत्या. व्यवस्थापक आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत होते. मला ते चिंचोळं दुकान दिसत होतं, दोन दिवस न जेवलेला माणूस दिसत होता. एक शब्द म्हटला असता तर पट्टी खाली सरकली असती. पण आईची ठेवही दिसत होती. माझ्या गप्प बसण्यात माझा स्वार्थ होता, हे मी लपवत नाही. पाच मिनिटं गप्प बसता येत नाही अशी माझी ख्याती. त्या दिवशी बसलो.

बाईंनी पट्टी उचलून पर्समध्ये ठेवली. "ही ओळ चुकीची आहे."

"बदलू की. कशी हवी तुम्हाला?"

"'पाहिलं नाही' असं करा."

व्यवस्थापक हसले. एका बोटाने चेक स्वतःकडे ओढला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. "विचार करा, भगिनी. खोटी साक्ष केली असं तुम्ही म्हणालात तर आधी तुम्हीच अडकाल."

"हो," बाई म्हणाल्या. तेच 'हो', जे त्या मंगळवारी मला म्हणाल्या होत्या.

रस्त्यावर त्या इतक्या भरभर चालल्या की मला दम लागला. "माझ्यामुळे केलंत का?" मी मागून विचारलं.

"तुझ्यामुळे कशाला? स्वतःला कोण समजतोस?" त्या खेकसल्या. "मी कागदावर खोटं लिहीत नाही." चार पावलं गेल्यावर थांबल्या. "लिहिलंय. तीनशे बारा वेळा लिहिलंय."

दुकानात यजमान काच कापत होते. बाईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चेक, तो कागद, ती ओळ. रद्द झालेल्या पत्राचा दावा साहेब लढणारच होते, पण तो काही तीन दिवसांत निकाली निघणार नव्हता, हे यजमानांनाही कळत होतं. त्यांनी काच पूर्ण कापून बाजूला ठेवली.

"म्हणजे पाटी उतरवायला शिडी आणावी लागेल," ते म्हणाले.

मग त्यांनी सरस लावलेल्या फ्रेमचा एक कोपरा बाईंच्या हातात दिला. "धर. घट्ट धर, वाळेपर्यंत हलवायचं नाही." बाई दोन्ही हातांनी तो कोपरा धरून उभ्या राहिल्या. ते दुसरा कोपरा धरून उभे राहिले. मला तिथे थांबवेना. रस्त्यावर येऊन मी रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई कपड्यांच्या घड्या घालत होती तेव्हा बाई आमच्या घरी आल्या. हातात दोन कागद. एकावर त्यांनी स्वतः लिहून दिलं होतं की साक्ष करताना आपण कुणालाही पाहिलेलं नाही. दुसरा आईसाठी, रक्कम परत मागण्याचा. "बाकीच्यांसाठी आता भिंतवाल्यांच्या फाटकाबाहेर उभी राहणार आहे," त्या मला म्हणाल्या. "माझ्या सहीमागे कुणाकुणाची नावं आहेत तेसुद्धा मला माहीत नाही. मावशींचं तेवढं माहीत आहे."

त्यांनी आईला सांगितलं. सरळ, एका दमात. आईने हातातली घडी मांडीवर ठेवली.

"पाहिलं नव्हतंस?"

"नाही, मावशी."

"अगं, माझा हात थांबला होता," आई म्हणाली. ती रागावली नव्हती, आठवून आठवून बोलत होती. "दोनदा पेन खाली ठेवलं मी. ह्याच्या वडिलांनी पै-पै करून ठेवलेले ते. मग मनात आलं, हिची सही होणार आहे की यावर. काही चुकत असेल तर ही सोडायची नाही. म्हणून केली."

बाईंची बोटं मांडीवर होती, आणि ती हलत नव्हती. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

शेवटी बाई उठल्या आणि आईच्या शेजारी जाऊन बसल्या, अगदी खांद्याला खांदा लागेल इतक्या. तो दुसरा कागद त्यांनी आईसमोर ठेवला, उताणा, आणि ओळीखाली पट्टी धरून एकेक ओळ वाचून दाखवली. आई प्रत्येक ओळीला मान डोलवत होती. वाचून झाल्यावर बाईंनी पेन आईच्या हातात दिलं.

"सावकाश करा, मावशी. मी बघतेय."

आईने दोनदा पेन खाली ठेवलं. दोन्ही वेळा बाई म्हणाल्या, "नको असेल तर राहू दे." तिसऱ्यांदा आईने पेन उचललं आणि सही केली, आणि शेवटचं अक्षर पूर्ण होईपर्यंत बाईंनी पापणी हलवली नाही.